सव्वा किलो तूरडाळ साडेबारा रुपयांना! सेल्फ बिलिंग मशीन आणि काउंटरचं बिलिंग जमेना

वाणसामानवाली, कराड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात सांगितला तर तुम्ही "मशीन बंद करून चालू करा" म्हणाल. ते करून झालंय.

आमचं कराडला किराणा आणि त्यालाच जोडून छोटं मार्ट आहे. ३,००० चौरस फूट, चार काउंटर, मास्टरमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या यादीत) ११ हजारांच्या आसपास आयटम. सासरे (आप्पा) गल्ल्यावर असतात. बिलिंग, खरेदी आणि सगळी कटकट माझ्याकडे. शिक्षण बी.कॉम. आणि कॉम्प्युटरचा अनुभव म्हणजे अकरा वर्षं एकच सॉफ्टवेअर, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

महिन्याच्या १ ते १० तारखेला संध्याकाळी रांग दारापर्यंत जाते. दुधाची एक पिशवी आणि बिस्किटाचा पुडा घेतलेला माणूस महिन्याचा बाजार भरलेल्या ट्रॉलीच्या मागे अडकतो, आणि दहा मिनिटांनी दोन्ही वस्तू चॉकलेटच्या बरण्यांवर ठेवून निघून जातो. अशांसाठी गणपतीच्या आधी एक सेल्फ बिलिंग मशीन घेतलं. उभा टचस्क्रीन, खाली स्कॅनर, बाजूला प्रिंटर. आप्पा म्हणाले, "एटीएमचा धाकटा भाऊ दिसतोय."

काउंटरचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, मशीन दुसऱ्या कंपनीचं. घेताना विचारलं होतं, "आमच्या बिलिंगला जोडता येईल ना?" उत्तर आलं, "हो मॅडम, होऊन जाईल." झालं ते असं. रोज रात्री दहाला काउंटरच्या सॉफ्टवेअरमधून आयटम आणि रेटची एक फाइल निघते, ती मशीन वाचतं. मशीनची दिवसभराची बिलं दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्सेलमधून आत घेते. याला इंटिग्रेशन म्हणतात म्हणे.

पहिला तमाशा डाळीचा. सुटा माल आम्ही मागे काट्यावर तोलून, स्टिकर लावून देतो. एक बाई मशीनवर बिल करून हसत माझ्याकडे आल्या, "डाळ एवढी स्वस्त कधीपासून?" बिलावर सव्वा किलो तूरडाळ, १२ रुपये ५० पैसे. स्टिकरवरचा आकडा २१००४१७०१२५०९. तोच स्टिकर काउंटरला दाखवला की बरोबर १७५ रुपये येतात. त्या बाई प्रामाणिक म्हणून परत आल्या. किती जणी आल्या नाहीत ते देव जाणे. तेव्हापासून सुट्या मालाला मशीनवर बंदी, म्हणजे निम्मं दुकानच मशीनबाहेर.

दुसरा घटस्थापनेचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलणार म्हणून आदल्या रात्री एक वाजेपर्यंत जागून मी साबण, शॅम्पू, टूथपेस्ट सगळं १८ वरून ५ टक्क्यांवर आणलं, किमती कमी केल्या आणि समाधानाने झोपले. पण फाइल तर दहालाच निघून गेली होती! दुसऱ्या दिवशी तीच टूथपेस्ट काउंटरवर १०७ रुपये आणि मशीनवर १२०. दोन शेजारणी दोन ठिकाणी बिल करून दारात भेटल्या. पुढचं सांगत नाही.

तिसरा चहाचा, हा अजून चालूच आहे. अर्धा किलोचा पुडा, जुना लॉट २८० छापील, नवा २९५. बारकोड दोन्हींवर एकच. काउंटरवर स्कॅन केलं की दोन्ही एमआरपीची खिडकी उघडते, मुलगी पुडा बघून बोट ठेवते. मशीन काही विचारत नाही, शेवटची खरेदी धरून २९५ लावतं.

आणि सगळ्यात वाईट यूपीआयचा. एक निवृत्त गुरुजी आहेत, आमचे जुने गिऱ्हाईक. ६४२ रुपयांचं बिल, क्यूआर स्कॅन केला, त्यांच्या मोबाइलवर पैसे गेले, मशीन मिनिटभर फिरत राहिलं आणि म्हणालं, "पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा". त्यांनी विद्यार्थ्यासारखा पुन्हा प्रयत्न केला. दोन्ही वेळेला पैसे गेले. दुसऱ्या दिवशी आले ते बिलाच्या पाठीवर दोन्ही बारा-बारा आकडी संदर्भ क्रमांक शाईच्या पेनने, एकाखाली एक, लिहून. अक्षर इतकं सुंदर की मलाच लाज वाटली. बँकेचं स्टेटमेंट जुळवून पैसे परत करायला चार दिवस लागले.

आता मशीनवाले दोन पर्याय देतात. चारही काउंटरला त्यांचंच सॉफ्टवेअर घ्या, किंवा ३५ हजारांत ते आमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये "डायरेक्ट एंट्री टाकून" देतील. जुने सॉफ्टवेअरवाले म्हणतात, बाहेरच्या कुणी डेटाबेसला हात लावला तर एएमसी (वर्षाचा देखभाल करार) बंद. सीए विचारतात, मशीनच्या बिलांचे नंबर कुठले धरायचे. आप्पा काहीच म्हणत नाहीत, फक्त मशीनवर उदबत्तीचे पुडे ठेवायला लागलेत.

काय करू?

---

बिलिंगवाला, पुणे

ताई, १४ वर्षं दुकानांमध्ये बिलिंग बसवतोय. तुमची डाळ मी तीन वेगवेगळ्या गावांत बघितली आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो.

२१००४१७०१२५०९ हा आकडा फोडून बघा. पहिले दोन, २१, म्हणजे दुकानातल्या दुकानात चालणारा कोड. २० ते २९ हे आकडे बारकोडवाल्यांनी दुकानांच्या स्वतःच्या वापरासाठीच मोकळे ठेवलेत. पुढचे पाच, ००४१७, तुमच्या काट्यातला तूरडाळीचा नंबर. त्यापुढचे पाच, ०१२५०, हे ग्रॅम. शेवटचा ९ ताळ्याचा. घोळ आहे तो मधल्या ०१२५० मध्ये. त्या पाच घरांत वजन घालायचं की किंमत, हे काट्याच्या सेटिंगमध्ये दुकानदार ठरवतो. तुमच्या काउंटरला माहीत आहे की ते वजन आहे. मशीनला वाटतंय ते पैसे आहेत. १२५० पैसे, म्हणजे साडेबारा रुपये. मशीन त्याच्या परीने बरोबरच वाचतंय. त्याला कुणी सांगितलंच नाही. मशीनच्या सेटिंगमधलं दहा मिनिटांचं काम आहे, पैसे मागितले तर देऊ नका.

(कुणी "किंमतच घाला, सोपं पडेल" म्हटलं तर ऐकू नका. पाच घरांत ९९९ रुपये ९९ पैशांच्या पुढे जागाच नाही. किलोभर काजू घेतले की संपलं. वजनच ठेवा.)

आता मूळ दुखणं. तुमच्या दुकानात दोन वह्या आहेत. एक काउंटरची, एक मशीनची, आणि रात्री दहाला एकीची नक्कल दुसरीत उतरवली जाते. डाळ, टूथपेस्ट, चहा ही तिन्ही त्याच झाडाची फळं. मशीनने हिशोब करायचाच नाही. मशीन म्हणजे तुमचा पाच नंबरचा काउंटर, फक्त पलीकडे मुलगी बसलेली नाही, एवढंच. रेट, ऑफर, कर, एमआरपी, बिल नंबर, सगळं तुमच्या केबिनमधल्या सर्व्हरने, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरने, सांगायचं आणि मशीनने दाखवायचं.

त्यासाठी जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून चार गोष्टी मागा. मशीन विचारेल, "या बारकोडचं काय?" सर्व्हर नाव आणि किंमत सांगेल. मशीन म्हणेल, "एवढं सामान झालं, किती?" सर्व्हर ऑफर आणि जीएसटी धरून रक्कम देईल. मशीन म्हणेल, "पैसे आले", सर्व्हर बिल फाडेल आणि नंबर देईल. आणि चौथी, "हे बिल अडकलंय, होल्डला ठेव", म्हणजे तेच बिल कुठल्याही काउंटरवर उघडता आलं पाहिजे. चौथी मागायला लोक विसरतात आणि नंतर रडतात. गिऱ्हाईक मशीनवर अडलं आणि त्याला काउंटरवर जाऊन सगळं सामान पुन्हा काढावं लागलं, तर तो परत मशीनकडे फिरकत नाही.

डेटाबेसमध्ये डायरेक्ट एंट्री अजिबात नको. बिल म्हणजे एका तक्त्यातली एक ओळ नसते. जुनं सॉफ्टवेअर बिल सेव्ह करताना स्टॉक कमी करतं, रोजमेळाला लावतं, कराचा हिशोब करतं, पॉइंट असतील तर चढवतं. बाहेरचा माणूस ओळ टाकेल आणि यातलं निम्मं राहून जाईल. मार्चमध्ये कळेल. शिवाय जुन्या सॉफ्टवेअरचं पुढचं अपडेट आलं आणि तक्ता बदलला की ३५ हजार पाण्यात. एएमसी बंद करण्याची धमकी देतात त्यात त्यांचं खरं आहे. तेच पैसे त्यांना द्या आणि दार त्यांच्याकडूनच बसवून घ्या. भिंत फोडू नका.

बिल नंबरचं सोपं आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे वेगवेगळ्या मालिका चालतात, फक्त नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात दुबार नको आणि १६ अक्षरांच्या आत हवा. मशीनला वेगळी मालिका द्या, के१/२५-२६/०००१२३ अशी. मोजा, १५ होतात. मात्र तो नंबर पैसे आल्यावरच पडू दे. बिल सुरू करतानाच नंबर दिला तर अर्धवट सोडून गेलेली प्रत्येक टोपली रद्द बिल होऊन बसते, आणि जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) किती बिलं फाडली, किती रद्द केली ते दाखवावं लागतं. सीए तुम्हालाच विचारणार.

चहाला खरं तर इलाज नाही. मशीनने खिडकी उघडून विचारलं तर गिऱ्हाईक कमी किंमतच दाबणार. मी दुकानदारांना सांगतो, दोन्ही लॉट फळीवर आहेत तोवर मशीनवर कमी किंमत लावा. पुड्यामागे १५ रुपये जातील. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेतल्याची एक तक्रार वजनमापवाल्यांकडे गेली तर त्याहून बरंच महाग पडतं.

यूपीआयवर रात्री लिहितो, आत्ता एका दुकानात प्रिंटर अडकलाय.

---

वाणसामानवाली, कराड

दादा, वाचून आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाच नंबरचा काउंटर हे त्यांना पटलं.

एक शंका. फाइलच दर पंधरा मिनिटांनी पाठवली तर? मशीनवाले म्हणतात ते फुकट करून देतील.

---

बिलिंगवाला, पुणे

रांग कमी होत नाही म्हणून घड्याळ पुढे करण्यासारखं आहे. पंधरा मिनिटांत दोन शेजारणी आरामात दारात भेटतात. आणि फाइल एकाच दिशेने जाते. स्टॉक आणि बिलं सकाळी तुम्हीच एक्सेलमधून घेणार ना?

आता गुरुजींचं. पैशांच्या बाबतीत मशीनला दोनच उत्तरं शिकवलेली असतात, आले किंवा नाही आले. खरी उत्तरं तीन आहेत. तिसरं म्हणजे "अजून कळलं नाही". तुमच्या मशीनने मिनिटभर वाट बघितली, बँकेकडून निरोप आला नाही, आणि त्याने "कळलं नाही"चं "नाही आले" करून टाकलं. वर नवीन क्यूआर दिला, नव्या संदर्भाचा. यूपीआयसाठी ते दोन वेगळे व्यवहार झाले, त्यामुळे दोन्ही पार पडले.

करायचं असं. एका बिलाला एकच संदर्भ क्रमांक. वेळ संपली की आधी बँकेला स्वतःहून विचारायचं, "या संदर्भाचं काय झालं?" तरीही कळलं नाही तर नवा क्यूआर द्यायचा नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरात, "पैसे पुन्हा देऊ नका, काउंटरवर या", आणि एक चिठ्ठी छापायची जिच्यावरून काउंटरवर तेच बिल उघडेल. निरोप उशिरा आला किंवा दोनदा आला तरी बिल एकच फाटलं पाहिजे. आणि बँकेचा निरोप मशीनकडे नको, सर्व्हरकडे यायला हवा. मशीन मध्येच बंद पडलं तर निरोप हवेत जातो.

मशीनशेजारी साउंडबॉक्स असेल तर काढून टाका. "६४२ रुपये प्राप्त झाले" हे कोणत्या बिलाचे, ते तो डबा सांगत नाही. गिऱ्हाईक मात्र आवाज ऐकून चालू पडतं. मोबाइलचा स्क्रीनशॉट दाखवला तर तोही पुरावा धरू नका.

आणि मशीनला वायफायवर ठेवलं असेल तर आजच वायर ओढा.

---

काउंटर नंबर दोन

मी ठाण्यात एका मोठ्या दुकानात सात वर्षं कॅशियर होते, त्यातली दोन वर्षं सेल्फ बिलिंगच्या शेजारी उभी राहून काढली. सॉफ्टवेअरचं दादांनी सांगितलंय. मी उभं राहण्याचं सांगते.

मशीन कुठे ठेवलंय? दारापाशी असेल तर हलवा. एक नंबरच्या काउंटरवरून गिऱ्हाईकाचे हात दिसले पाहिजेत. लोक चोरीच्या भीतीने म्हणतात, पण खरं कारण वेगळं आहे. माणूस अडला की तो हाक मारत नाही, लाजतो. इकडेतिकडे बघतो, एक वस्तू तीनदा स्कॅन करतो आणि मग सगळं सोडून जातो. हात दिसले तर तुम्ही आधीच जाता.

दुसरं, चुकून दोनदा लागलेली वस्तू काढायला आमच्याकडे चावी घेऊन मशीनपर्यंत जावं लागायचं. दिवसातून साठ-सत्तर खेपा. गुडघे गेले माझे. जोडणी करताय तर ताईंनी हेही मागून घ्यावं, की मशीनवरची वस्तू एक नंबरच्या काउंटरच्या पडद्यावरूनच काढता येईल. आणि कोण काढतंय त्याचं नाव पडलं पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीला सगळं कॅशियरच्या माथी.

पिशवीलाही बारकोड लावा. लोक पिशवी विसरत नाहीत, पिशवीचं बटण विसरतात.

---

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये ही मशीनं दर पावलावर आहेत, तरी तुमची डाळ वाचून घरच्यासारखं वाटलं. इथली गंमत म्हणजे सुटी भाजी. गिऱ्हाईकाने स्वतः तोलायची आणि पडद्यावरचं चित्र दाबायचं. लोक अव्होकाडो ठेवतात आणि गाजर दाबतात. तेव्हा ताई, तोलायचं काम मागच्या काट्यावरच ठेवा, गिऱ्हाईकाच्या हातात देऊ नका.

आणि मशीन पाहिजेच असं काही नाही. इथे उत्तरेकडे बूथ्स नावाची सुपरमार्केटची साखळी आहे. त्यांनी २०२३ मध्ये आपल्या २८ दुकानांपैकी दोन सोडून बाकी सगळीकडची ही मशीनं काढून टाकायचं जाहीर केलं आणि पुन्हा माणसं उभी केली.

---

वाणसामानवाली, कराड

लीड्सकर, आप्पांना हे दाखवणार नाही. मशीनचे हप्ते अजून चौदा आहेत.

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांना दादांच्या चार गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पहिल्यांदा म्हणाले, "आमच्याकडे असं कुणी मागितलं नाही." मी म्हटलं, मी मागतेय ना. मग २८ हजारांवर तोडलं, सर्व्हरवर त्यांचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला. मशीनवाल्यांना तो पटेना, "आमची सिस्टीम अशी चालत नाही" वगैरे. हप्ता थांबवते म्हटल्यावर चालायला लागली.

डाळ परत मशीनवर आली. चहा कमी किमतीला लावला, जुना लॉट आठ दिवसांत संपला. गेल्या आठवड्यात नेट गेलं होतं तेव्हा एका मुलाचं बिल "कळलं नाही"मध्ये अडकलं. चिठ्ठी घेऊन तो दोन नंबरला आला, पोरीने उघडलं, तोवर पैसे आल्याचा निरोप आलेला होता. बिल एकच. मी उभी राहून बघत होते, जीव मुठीत घेऊन. मशीन एक नंबरच्या समोर हलवलं. पिशवीला बारकोड लावला, तरी लोक विसरतातच.

अडलंय ते एकच. सर्व्हरवरून नावं येतात ती मराठीत, पडद्यावर छान दिसतात, आणि मशीनच्या प्रिंटरवर "हरभरा डाळ"च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापली जातात. काल एका आजोबांनी विचारलं, "हे ????? १४० रुपयांचं मी काय घेतलं?"

---

बिलिंगवाला, पुणे

बहुतेक थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरंच नसतात. मजकूर पाठवला की त्याला ओळखता न आलेल्या प्रत्येक अक्षराला तो प्रश्नचिन्ह काढतो. मशीनवाल्यांना सांगा, पूर्ण बिल चित्र करून पाठवा. ८० मिलिमीटरचा कागद असेल तर रुंदी ५७६ ठिपके. काउंटरचे प्रिंटर कसे छापतात ते बघा, तिथे बहुतेक असंच केलेलं असेल.

---

वाणसामानवाली, कराड

झालं दादा. हरभरा डाळ आली, जोडाक्षरंसुद्धा नीट आहेत. छापायला थोडा वेळ लागतो आणि बिल लांबतं, पण चालेल. उदबत्तीचे पुडे मात्र आप्पांनी अजून तिथून हलवलेले नाहीत. म्हणतात, तिथे खपतात.